पूसाच्या पागेचा सलोत्री

दिल्लीस जाऊन आलेल्या मंडळींच्या कानावरून पूसा हे नाव गेलेले असते. तेथील मोठी शेतकी संशोधनसंस्था त्याच नावाने ओळखली जाते आणि तिने काढलेले गव्हाचे वाण आपल्याकडील शेतकऱ्यांनाही ठाऊक आहेत. पण खरे पूसा दिल्लीत नाही. ते बिहारात, जुन्या तिरहूत प्रांतात, बुढी गंडक नदीच्या वळणावर वसलेले एक गाव आहे. ही संस्था १९०५ साली तेथे निघाली, १९३४ च्या भूकंपाने तिची इमारत मोडली आणि १९३६ साली ती दिल्लीस आली तेव्हा गावाचे नाव बरोबर घेऊन आली. आता संस्थेच्याही आधी सुमारे शंभर वर्षे त्या जमिनीवर काय होते, हे फारसे कोणी विचारीत नाही. तेथे ईस्ट इंडिया कंपनीची घोड्यांची पैदासपागा होती, आणि त्या पागेवर १८०८ पासून विल्यम मूरक्रॉफ्ट नावाचा एक विलक्षण माणूस प्रमुख म्हणून नेमलेला होता.

मूरक्रॉफ्टचे नाव आज घेतले जाते ते प्रवासी म्हणून. मानसरोवराच्या काठी पोचलेला, लडाखात दोन वर्षे राहिलेला, बुखारा पाहिलेला इंग्रज, अशी त्याची ख्याती. परंतु हे सारे प्रवास त्याने एका निराळ्याच कामासाठी केले. तिरहूत आणि सारणच्या शेतकऱ्यांच्या घोड्यांना चांगल्या वंशाचा नर कोठून आणून द्यावा, हा त्याचा प्रश्न होता. या प्रश्नाचा पाठलाग करता करता तो आपल्या पागेपासून इतका दूर गेला की परत आलाच नाही. ज्या शहरात अजूनही जुन्या वाड्यांच्या पुढच्या चौकात पागांच्या मेखा दिसतात, तेथील वाचकांस या माणसाची हकीकत परकी वाटू नये.

त्याचा जन्म १७६७ साली इंग्लंडात लँकेशायर परगण्यातील ऑर्म्सकर्क गावी झाला. आई अविवाहित होती. मुलाला आईकडील आडनाव मिळाले आणि आजोबांच्या शेतीवाडीत तो वाढला. घरची स्थिती बरी होती. मुलाने शस्त्रवैद्य व्हावे असे ठरून त्याला लिव्हरपूलच्या एका वैद्याकडे शिकावयास ठेवले. शिक्षण चालू असतानाच त्या भागातील गुराढोरांत मोठी साथ आली आणि तिच्यावर उपाय करण्यास ज्यांना धाडले त्यांत हा तरुणही होता. माणसाच्या रोगांवर डोके चालवणारे पुष्कळ आहेत, जनावराच्या रोगांवर मात्र लोहार आणि गवळी यांच्याखेरीज कोणी नाही, ही गोष्ट त्या साथीत त्याच्या मनावर ठसली. त्याने माणसांचे वैद्यक सोडण्याचे ठरवले. त्या काळच्या इंग्लंडात हे पाऊल म्हणजे प्रतिष्ठा पायाखाली घालण्यासारखेच होते. आपल्याकडेही सलोत्र्याला मान असला तरी वैद्यबुवांच्या पंगतीला त्याचे पान मांडले जात नसे. आणि सलोत्री हा शब्द तर शालिहोत्र ऋषींच्या नावावरून आलेला!

इंग्लंडात हे शास्त्र शिकवणारे कोणी नव्हते, म्हणून तो १७९० साली फ्रान्समध्ये लिआँ येथे गेला. जगातील पहिली पशुवैद्यकशाळा ती. राज्यक्रांतीची धामधूम चालू असताना तो तेथे घोड्यांची हाडे आणि स्नायू यांचा अभ्यास करीत होता. असे रीतसर शिक्षण घेतलेला तो पहिला इंग्रज. परत येऊन त्याने लंडनच्या ऑक्सफर्ड रस्त्यावर दवाखाना थाटला आणि तो उत्तम चालला. १७९४ साली तेथील नव्या पशुवैद्यक महाविद्यालयाच्या दोन प्राध्यापकांपैकी एक म्हणून त्याची नेमणूक झाली, पण काही आठवड्यांतच ती जागा सोडून तो आपल्या दवाखान्याकडे वळला. पैसा भरपूर आला आणि तितक्याच वेगाने गेलाही. घोड्याचे नाल यंत्राने ठोकून काढता येतील या कल्पनेने त्याला पछाडले होते. त्याने यंत्र केले, त्याचा सरकारी हक्क घेतला आणि त्यात मोठी रक्कम बुडवली. यंत्र वाईट नव्हते, पण नालबंदांच्या हातांपुढे बाजारात त्याचा टिकाव लागला नाही. एखादी कल्पना डोक्यात शिरली की तिच्यामागे घरदार विसरून धावायचे, ही त्याची खोड येथेच दिसते. पुढे ती त्याच्या कीर्तीलाही कारण झाली आणि मृत्यूलाही.

या सुमारास कंपनी सरकार घोड्यांच्या चिंतेत होते. त्याचे कारण आपल्या इतिहासाशी जोडलेले आहे. मराठ्यांच्या फौजा घोड्याच्या पाठीवर लढत. १८०३ च्या युद्धात आणि त्यानंतर यशवंतराव होळकरांच्या मागे धावताना इंग्रज सेनापतींना कळून चुकले की तोफा आणि कवायती पायदळ यांच्या जोडीस भरवशाचे घोडदळ नसेल, तर अशा शत्रूला गाठता येत नाही. घोडा मात्र मिळेनासा झाला होता. काबूल, कंदाहार आणि तुर्कस्तानाकडून सौदागरांचे जे तांडे येत, ते अफगाण राज्याच्या मोडतोडीमुळे रोडावले होते. काठेवाडी आणि भीमथडीची पैदास लढायांनी पिळून निघाली होती. अरबी घोडा समुद्रमार्गे मुंबईस येई. तो देखणा आणि काटक खरा, पण चणीने लहान आणि किमतीने भारी. बंगालच्या गोऱ्या स्वाराला, त्याच्या खोगीर, तलवार आणि सामानासकट दिवसभर वाहून नेईल असा, खांद्याशी पावणेपाच फुटांच्या वरचा, रुंद छातीचा आणि जाड नळीच्या हाडाचा घोडा कंपनीला हवा होता. तो बंगालच्या दमट हवेत निपजत नव्हता.

म्हणून अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात पूसा येथे पागा काढण्यात आली. विलायतेहून आणि अरबस्तानातून पैदाशीचे नर, ज्यांना आपण वळू घोडे म्हणतो, आणून तेथे ठेवले गेले. १८०० च्या आसपासपासून लंडनमध्ये असे वळू पारखण्यासाठी कंपनी मूरक्रॉफ्टचा सल्ला घेऊ लागली होती. कंपनीच्या संचालकांपैकी एडवर्ड पॅरी यांनी शेवटी त्यालाच हिंदुस्थानात जाण्यास राजी केले. १८०८ च्या वसंतात तो जहाजात चढला. वय चाळिशीपुढे गेलेले. लंडनचा बसलेला धंदा सोडून या वयात परमुलखात जाणारा माणूस एक तर कर्जबाजारी असावा किंवा ध्यासाने पेटलेला. मूरक्रॉफ्ट थोडा थोडा दोन्ही होता.

आता येथे थोडे थांबून, ही पैदासपागा चालते कशी, हे सांगितले पाहिजे. कारण पुढल्या साऱ्या गोष्टीचा उलगडा त्यात आहे. घोडी अकरा महिने गाभण राहते. शिंगरू जन्मल्यावर चार वर्षांनी ते स्वारीच्या कामाचे होते. म्हणजे आज घोडी वळूला दाखवली, तर पलटणीत घोडा उभा राहण्यास पाच वर्षे लागणार, आणि तो वळू चांगला होता की वाईट, हे त्या पाच वर्षांनंतर कळणार. एक वळू एका मोसमात तीस-चाळीस घोड्या फळवू शकतो. त्यातील काही रिकाम्या राहतात, काहींची शिंगरे दगावतात. सारांश, घोडीचा दोष एका शिंगरात उतरतो, वळूचा दोष साऱ्या जिल्ह्यात पसरतो. विलायतेत हा हिशोब लोकांना पटलेला होता. तेथे घोड्यांच्या वंशावळींची छापील वही १७९० नंतरच्या काही वर्षांत निघाली होती, आणि शर्यतीच्या प्रत्येक जातिवंत घोड्याचे मूळ पूर्वेकडून आणलेल्या तीन वळूंपर्यंत नेऊन भिडवता येत असे. आपल्याकडे भाटांनी राजघराण्यांच्या वंशावळी जपल्या, तशा त्यांनी घोड्यांच्या जपल्या.

पूसाच्या आवारात कितीही घोड्या पोसल्या तरी फौजेची गरज भागणारी नव्हती. म्हणून आसपासच्या तिरहूत, सारण, शहाबाद, गाझीपूर या जिल्ह्यांत जमीनदारी पद्धत चालू होती. कंपनीच्या घोड्या जमीनदार आणि सधन शेतकऱ्यांच्या हवाली करावयाच्या, कंपनीच्या वळूकडून त्या फळवून द्यावयाच्या, शिंगरू शेतकऱ्याने वाढवावयाचे आणि ते ठरल्या वयाचे झाले की पहिला हक्क कंपनीचा. पसंत पडले तर ठरल्या भावाने खरेदी, नाही तर मालकाने कोठेही विकावे. कागदावर ही योजना सुंदर दिसते. सरकारला पागेचा खर्च नाही, शेतकऱ्याला फुकटात जातिवंत वळू.

प्रत्यक्षात मात्र तिरहूतचा शेतकरी म्हणजे भातशेती करणारा, निळीच्या कोठीवाल्याचा देणेकरी, तंबाखू आणि अफूच्या पिकात गुंतलेला माणूस. त्याच्या दारात चारा म्हणजे भाताचा पेंढा. घोडीचे शिंगरू म्हटले की ते दोरीने खुंटाला बांधून ठेवण्याची रीत. ज्या वयात शिंगराने मोकळ्या माळावर उड्या मारून छाती आणि पाय भरावयाचे, त्या वयात ते गोठ्याच्या दाराशी उभे. विलायती वळूचा थोर वंश त्या खुंटाशी येऊन थांबत असे. पुन्हा व्यवहाराची अडचण वेगळीच. शिंगरू खरोखरच चांगले निघाले, तर कंपनीच्या ठरीव भावापेक्षा अधिक पैसे देणारा गिऱ्हाईक मिळू शकतो, हे शेतकऱ्यास कळत असे. गंगा आणि गंडक यांच्या संगमावर हाजीपूरसमोर कार्तिकी पौर्णिमेला हरिहरक्षेत्राची प्रचंड जत्रा भरते. सोनपूरची जत्रा ती. हत्तीपासून बैलापर्यंत सारे तेथे विकले जाई. ज्याच्या दारी उमदे शिंगरू आहे त्याचे मन जत्रेकडे ओढ घेणार, यात नवल ते काय? माझ्या मते यात शेतकऱ्याची लबाडी शोधणे व्यर्थ आहे. चार वर्षे चंदी त्याने घातलेली, जोखीम त्याने घेतलेली, आणि भाव ठरवणार घेणारा!

मूरक्रॉफ्टने पूसास आल्यावर पागेतील जनावरे पाहिली आणि त्याला ती पसंत पडली नाहीत. वळू हलक्या हाडाचे होते, शर्यतीच्या घोड्यांप्रमाणे शिडशिडीत. घोड्याची पारख करताना आपले जुने सरदार भोवरे बघत, शुभ-अशुभ लक्षणे मोजत. कंपनीचे साहेबलोक वंशावळीचा कागद बघत. मूरक्रॉफ्ट हाड बघत असे. नळी किती जाड, सांधा किती रुंद, खांदा कसा उतरता, हे त्याचे भोवरे. ज्या घोड्याचा बाप अमुक आणि आजा तमुक, पण पाय काडीसारखे, तो शेतकऱ्याच्या ठेंगण्या घोडीला लावून काहीच साधणार नाही, असे त्याचे ठाम मत होते. निकामी जनावरे त्याने काढून टाकली. दमट पावसाळ्यात चिघळणारी बरसाती, कमरेतून घोडा पाडणारा कुमरी यांसारखे रोग या मुलखात नेहमीचे होते. त्यांच्याविरुद्ध त्याने स्वच्छता आणि वेळच्या वेळी उपचार यांचा पाठपुरावा केला.

त्याचे सर्वांत टिकाऊ काम मात्र चाऱ्याचे. पूसाच्या जमिनीवर त्याने ओट मोठ्या प्रमाणावर पेरले. आज आपल्याकडील दुभत्या जनावरांसाठी हिवाळ्यात ओट लावतात, तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही नसते की या पिकाला हिंदुस्थानात चारा म्हणून रुजवण्याचे श्रेय एका घोड्यांच्या वैद्याकडे जाते. वळूचा वंश आणि शिंगराची चंदी या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, हे त्याने ओळखले होते. वंश शिंगराच्या अंगात असतो, पण तो वर येतो खाण्याने.

हे सारे होत असता त्याला एका गोष्टीची तळमळ लागून राहिली. विलायती वळू सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासात खंगतो, हवेत मानवत नाही, शिवाय महागडा. अरबी लहान. मग मोठ्या हाडाचा, काटक, उष्ण-शीत दोन्ही सोसणारा वळू कोठे मिळेल? त्याचे उत्तर होते तुर्कमान घोडा, बुखाऱ्याच्या बाजारातला. १८११ साली त्याने उत्तर हिंदुस्थानातील बाजार आणि जत्रा पालथ्या घातल्या, पंजाबच्या सीमेपर्यंत गेला, पण मनाजोगते जनावर सापडले नाही. तेव्हापासून बुखारा हा एकच जप सुरू झाला.

१८१२ साली त्याने मीर इज्जतुल्ला या आपल्या विश्वासू मुनशीला काश्मीर, लडाख, यारकंद या मार्गाने बुखाऱ्यास पाठवले, आणि स्वतः तिबेटकडे निघाला. सोबतीस हैदर जंग हिअर्सी. या हिअर्सीची आई हिंदी. तो काही काळ शिंद्यांच्या फौजेत पेराँच्या हाताखाली होता, म्हणजे आपल्या ग्वाल्हेरचे मीठ खाल्लेला गडी. मधला कुमाऊँ-गढवाल मुलूख तेव्हा गुरख्यांच्या ताब्यात होता आणि तिबेटात फिरंग्यांना मज्जाव. तेव्हा दोघांनी गोसाव्याचा वेष घेतला. मूरक्रॉफ्ट झाला मायापुरी आणि हिअर्सी हरगिरी. वेषाची निवड हुशारीची होती. गोसावी केवळ भिक्षेकरी नसत; सावकारी आणि लांबच्या मुलखांतील व्यापार त्यांच्या मठांतून चाले, हे दख्खनेतल्या लोकांस सांगावयास नको. त्यांच्याबरोबर हरखदेव पंडित होते. वाटभर एकसारखी पावले टाकीत अंतर मोजण्याचे काम त्यांच्याकडे होते. पुढे पन्नास वर्षांनी इंग्रजांनी हिमालयापलीकडे ज्या पंडितांना पावले मोजीत धाडले, त्यांचे हे आद्य पूर्वज म्हणावयास हरकत नाही.

नीती घाट ओलांडून ते तिबेटातील दाबा गावी, तेथून गारटोकला आणि ऑगस्ट १८१२ मध्ये मानसरोवरावर पोचले. मूरक्रॉफ्टने काठाने फिरून पाहिले आणि गंगा या सरोवरातून निघत नाही असा निर्णय दिला. घोडा तेथे मिळाला नाही; पश्मिना लोकरीच्या पन्नास बकऱ्या मात्र त्याने विकत घेतल्या. दाबा येथे विलायती जातीची दोन कुत्री भेटली आणि ती कवायतीचे खेळ करून दाखवू लागली. हे शिक्षण त्यांना रशियन लोकांकडून मिळाले असावे, असे मूरक्रॉफ्टच्या मनाने घेतले, आणि रशियाचा धाक त्याच्या डोक्यातून पुढे कधी गेला नाही. परतताना गुरख्यांनी दोघांना पकडून काही दिवस कैदेत ठेवले. सुटून तो पूसास आला तेव्हा कंपनीने त्याच्या भौगोलिक शोधाचे कौतुक केले, पण पागेचा प्रमुख पागा सोडून डोंगर चढत होता, हेही वरिष्ठ विसरले नाहीत.

आणि वरिष्ठांचे म्हणणे अगदीच चूक होते असे म्हणवत नाही. वळूच्या निवडीला फळ यायला पाच वर्षे लागतात, तर निवडणाऱ्याने ती पाच वर्षे जागेवर बसून शिंगरे मोजली पाहिजेत. मूरक्रॉफ्टला हे समजत होते, तरी बसवत नव्हते. इज्जतुल्ला १८१३ च्या अखेरीस बुखारा पाहून परत आला आणि त्याच्या वर्णनाने ती आग अधिकच भडकली. पेंढारी-मराठे युद्धाच्या धामधुमीत १८१७-१८ साली पुन्हा घोड्यांची टंचाई भासली तेव्हा कोठे सरकारचे मन वळले. १८१९ साली त्याला जाण्याची परवानगी मिळाली. हाजीपूरच्या घरात त्याची हिंदी पत्नी आणि दोन मुले होती. पन्नाशी उलटलेली होती.

या शेवटच्या प्रवासाची हकीकत लांबलचक आहे. येथे आवश्यक तेवढीच सांगतो. बरोबर कलकत्त्याच्या एका वकिलाचा मुलगा जॉर्ज ट्रेबेक, गथरी नावाचा औषधे जाणणारा तरुण, मीर इज्जतुल्ला आणि रखवालदारांचा नायक गुलाम हैदर खान. वळू खरेदीला पैसा हवा, म्हणून कलकत्त्याच्या पेढ्यांकडून विलायती कापड आणि इतर माल उधारीवर घेतला होता. १८२० च्या मे महिन्यात लाहोरास रणजितसिंगाने त्याला आपले घोडे दाखवले आणि आपल्या प्रकृतीविषयी सल्ला विचारला. दोघांचेही घोड्याचे वेड सारखेच. ती भेट रंगली असेल यात शंका नाही. कांगड्याच्या राजा संसारचंदाचा भाऊ फत्तेचंद मरणपंथाला लागला होता. मूरक्रॉफ्टच्या उपचारांनी तो वाचला, तेव्हा फत्तेचंदाने त्याच्याशी पगडी बदलून भाऊपणा जोडला. पगडीभाई म्हणजे काय, हे आपल्या वाचकांस ठाऊक आहे.

सप्टेंबर १८२० मध्ये तो लेहला पोचला आणि तेथे दोन वर्षे अडकून पडला. यारकंदच्या चिनी अंमलदारांनी पुढे जाऊ दिले नाही. स्वस्थ बसणे ठाऊकच नव्हते; त्याने लोकांच्या डोळ्यांतले मोतीबिंदू काढले, लोकरीचा व्यापार अभ्यासला, डोंगरी गवते तपासली. कोरड्या डोंगरात उगवणारी आणि जनावरांना धष्टपुष्ट करणारी प्रँगोस नावाची वनस्पती त्याला सापडली, तिचे बी त्याने आवर्जून धाडले. पण तेथेच त्याच्या हातून मोठी चूक झाली. लडाखच्या दरबाराशी त्याने १८२१ साली कंपनीच्या वतीने व्यापाराचा करार करून टाकला. पागेच्या अधिकाऱ्याला असा अधिकार कोणी दिला? लडाखवर रणजितसिंगाचा डोळा, आणि रणजितसिंग कंपनीचा दोस्त. सरकारने करार झिडकारला, त्याला दोष दिला आणि त्याचा पगार थांबवला. यापुढे तो ज्या पूसासाठी वळू शोधीत होता, त्या पूसाचा तो नोकर राहिला होता की नाही, हीच शंका होती.

वाटेत १८२२ मध्ये त्याची गाठ चोमा द कोरोश या फाटक्या हंगेरियन पंडिताशी पडली. मूरक्रॉफ्टने त्याला तिबेटी भाषेचे पुस्तक दिले, ओळखपत्रे दिली. पुढे तोच तिबेटी कोश आणि व्याकरण यांचा कर्ता झाला. मग काश्मीरमध्ये दहाएक महिने. शालींच्या मागांचे त्याने केलेले वर्णन आजही अभ्यासक धुंडाळतात. डिसेंबर १८२३ मध्ये पेशावर, पुढल्या उन्हाळ्यात काबूल. हिंदुकुश ओलांडल्यावर कुंदुझच्या मुराद बेगाने त्यांना लुबाडण्याच्या हेतूने अडकवून ठेवले. मूरक्रॉफ्ट उझबेकाच्या वेषात घोड्यावरून निसटला, तालिकान येथील एका पीरजाद्याचा आश्रय त्याने मागितला आणि दंड भरून सर्वांची सुटका करून घेतली. अखेर २५ फेब्रुवारी १८२५ रोजी बुखाऱ्याची वेस दिसली.

तेरा वर्षे ज्या बाजाराचे स्वप्न पाहिले तो बाजार रिकामा होता. अमीर हैदरच्या राज्यात बंडाळी चाललेली. ज्या टोळ्या उत्तम घोडे पैदा करीत त्याच लढाईत गुंतलेल्या. मोठ्या हाडाचे तुर्कमान वळू मागे पडले होते, उरलेसुरले फौजेत गेले होते. मालाची विक्री करून त्याने काही घोडे घेतले, पण अपेक्षेच्या मानाने फारच थोडे. जुलै सरताना तो परत फिरला. बरोबरच्यांनी सरळ वाट धरावी असे ठरले. हा मात्र आणखी घोडे मिळतील या आशेने थोड्या माणसांनिशी वाट वाकडी करून अंदखुईला गेला. तेथे तापाने त्याला गाठले. २७ ऑगस्ट १८२५ रोजी तो वारला. प्रेत बल्खला आणून गावाबाहेर पुरले. काही महिन्यांत गथरी आणि ट्रेबेकही त्याच मुलखात वारले. घोडे विखुरले, पूसाच्या वळूखान्यात त्यातला एकही पोचला नाही.

त्याच्या मरणाबद्दल नंतर नाना वदंता उठल्या. विष घातले म्हणणारे होते. फ्रेंच पाद्री हूक १८४६ साली ल्हासास गेला, तेव्हा तेथे त्याला मूरक्रॉफ्ट नावाचा एक माणूस बारा वर्षे काश्मिरी सौदागराच्या वेषात राहून गेल्याची कथा ऐकावयास मिळाली. या कथेवर विश्वास ठेवणारे अजूनही अधूनमधून भेटतात, माझा नाही. पण जो माणूस एकदा मायापुरी होऊन हिंडला, त्याच्या नावावर आणखी एक वेष लोकांनी चढवला, यात आश्चर्य वाटत नाही. त्याचे कागद हळूहळू गोळा झाले आणि संस्कृतज्ञ विल्सन यांनी ते संपादून १८४१ साली प्रसिद्ध केले. त्यात पर्वत, व्यापार, शाली, राजे सारे आले. तिरहूतच्या शेतकऱ्याची घोडी फारशी आली नाही.

ती घोडी मात्र दारात उभीच होती. पूसाची पागा त्याच्यामागे पन्नास वर्षे चालली, खर्चाच्या मानाने घोडे थोडे म्हणून तिच्यावर सतत टीका झाली, आणि १८७०-८० च्या दशकात बंगालच्या सरकारी पागा मोडीत काढण्यात आल्या. त्यांच्या जागी सरकारने १८७६ पासून जी व्यवस्था लावली ती पाहण्यासारखी आहे. विलायती आणि अरबी वळू निरनिराळ्या जिल्ह्यांत ठेवावयाचे, शेतकऱ्याने आपली घोडी आणावी, हाडापेराने ती पसंत ठरली तर तिच्यावर डाग द्यावा आणि वळू फुकट लावून द्यावा, शिंगरू मालकाचे. सरकारला हवे असेल तर त्याने ते बाजारात, इतर गिऱ्हाइकांच्या बरोबरीने विकत घ्यावे. ठरीव भावाची ती जुनी गाठ सुटली. शेतकऱ्याच्या अंगणात जातिवंत नर पोचवण्याची कल्पना मूरक्रॉफ्टच्या दिवसांतलीच, पण तिच्यात कोठे पाणी मुरते आहे हे कळण्यास सरकारला पाऊण शतक लागले.

१८३२ साली अलेक्झांडर बर्न्स बुखाऱ्यास जाताना बल्खला उतरला. गावाबाहेरच्या भग्न भिंतींपाशी एका चांदण्या रात्री त्याला मूरक्रॉफ्टची कबर दाखवण्यात आली. तिच्यावर नाव नव्हते.